रुजू होण्याची तारीख

सांगलीत विश्रामबागेतल्या ज्या कॉलेजात मी सॉफ्टवेअर इंजिनिअरिंग शिकवतो, तिथं तिसऱ्या वर्षाला एक मुलगी होती. शिराळ्याकडच्या गावातून एसटीनं यायची. वडील फौजेतून निवृत्त झालेले, घरची उसाची थोडी शेती. पहिले काही महिने ती वर्गात बोललीच नाही. मग प्रोजेक्टच्या तपासणीत एका गटानं दवाखान्यात नंबर लावायचा प्रोग्रॅम दाखवला. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या, आणि ही मागच्या बाकावरून हळूच म्हणाली, "सर, यात कालची तारीख टाकून बघू?" टाकली. प्रोग्रॅमनं पेशंटला कालचा नंबर दिला, वर धन्यवादही म्हटलं. वर्ग हसला, ती हसली नाही. दुसरी चूक शोधायला लागली होती.

सॉफ्टवेअर तपासणं हा माझ्या विषयातला सगळ्यात कंटाळवाणा भाग, असं मुलांचं मत. तिला मात्र त्याचीच गोडी लागली. शेवटच्या वर्षी पुण्याच्या एका कंपनीनं तिला निवडलं, तेव्हा मला घरच्यासारखा आनंद झाला. घरी तिच्या लग्नाची बोलणी चालली होती, ती वडिलांनी थांबवली. नोकरीला लागू दे, मग बघू, असं त्यांनी भावकीला सांगितलं.

जुलैत रुजू व्हायचं होतं. जूनमध्ये मेल आला, तारीख पुढं गेली आहे, नवी तारीख कळवू. दिवाळी झाली तरी काही कळलं नाही. ती विचारायला आली की मी कंपनीच्या माणसाला फोन लावायचो. तो अत्यंत नम्र होता. प्रक्रिया सुरू आहे, म्हणायचा. पुढं पुढं फोन उचलेनासा झाला. त्याच कंपनीत माझा एक जुना विद्यार्थी होता, त्याला विचारलं. तो म्हणाला, सर, आमचंच उद्या काय होईल माहीत नाही, नव्यांचं कुणाला विचारू?

संक्रांतीनंतर वडील स्वतः आले. मी खुर्ची पुढं केली तरी आधी उभेच राहिले. मी कंपनीची अडचण, परदेशातून कमी झालेली कामं, यंत्रांकडूनच लिहिले जाणारे प्रोग्रॅम, असं बरंच सांगितलं. त्यांनी सगळं शांतपणे ऐकून घेतलं.

"सर, फौजेत हुकूम निघाला की माणूस त्या दिवशी हजर व्हतो," ते म्हणाले. "हिचा हुकूम निघालाय, पर जायचं कवा, ते कुणीच सांगत न्हाई. तुमी शिकवलंय तिला. पोरीचं काय चुकलं, तेवढं सांगा."

"काहीच चुकलं नाही."

"मग?"

मी चहा मागवला. त्यांनी तो घेतला, नमस्कार केला आणि गेले.

मार्चमध्ये दोन ओळींचा मेल आला, निवड रद्द. ती मला सांगायला आली नाही, तिच्या मैत्रिणीकडून कळलं. मी फोन केला, तर म्हणाली, "बरं झालं सर, वाट बघणं तरी संपलं." आवाज नेहमीचाच होता.

त्या उन्हाळ्यात प्रवेशाच्या जाहिरातीसाठी कॉलेजनं सांगली-मिरज रस्त्यावर मोठा बोर्ड लावला. नोकरी मिळालेल्या मुलांचे फोटो, त्यांत पहिल्या रांगेत ती. तोवर ती कुपवाडच्या एका कारखान्यात बिलं करायच्या कामाला लागली होती. रोज दुचाकीवरून त्याच बोर्डाखालून जायची. एका संध्याकाळी तिचा फोन आला.

"सर, माझा तेवढा फोटो काढायला सांगाल? कारखान्यातल्या बायका विचारतात, ही तूच का."

मी दुसऱ्याच दिवशी वरिष्ठांना भेटलो. त्यांनी समजुतीनं घेतलं. म्हणाले, निवड झाली होती हे खोटं आहे का? आणि एका फोटोसाठी अख्खा बोर्ड कसा उतरवायचा? मी लेखी अर्ज दिला. मग जिथं बोर्ड छापला तिथं जाऊन नुसती पट्टी चिकटवता येईल का विचारलं. तिथला माणूस म्हणाला, कॉलेजचं पत्र आणा. पत्र काही मिळालं नाही. मी तिला तसं कळवलं. ती म्हणाली, "असू दे सर, तुम्ही तरी काय करणार." मला वाटलं, रागावली असती तर बरं झालं असतं.

पावसाळ्यात वारं सुटलं आणि बोर्ड एका बाजूनं फाटला. प्रवेश संपले होते, म्हणून कुणी तो नीट केला नाही. तिचा फोटो न फाटलेल्या बाजूला होता. दिवाळीपर्यंत तो तसाच राहिला.

तिच्या घरात लग्नाची बोलणी पुन्हा सुरू झाली आहेत, एवढं परवा कळलं. मी या वर्षीही तोच विषय शिकवतो आहे. गेल्या आठवड्यात एका मुलानं विचारलं, सर, याच्यावर नोकरी लागते का? मी म्हणालो, नीट शिका. त्यानं मान हलवली, पण वहीत काही लिहिलं नाही.