चुकायला हवं होतं ते उत्तर

"मॅडमना नको विचारू गं. त्यांना नाय आलं का त्या इंग्लिश चालू करतात."

शेवटच्या रांगेतली मुलगी जोडीदारणीला हळूच म्हणाली. मी त्यांच्या पाठीमागेच उभी होते. दोघींना ते माहीत नव्हतं, म्हणून मीही न ऐकल्यासारखं करून पुढे सरकले.

ऑपरेटिंग सिस्टीमच्या लॅबमध्ये त्या दिवशी मुद्दाम चुकायचं होतं. प्रोग्रॅममध्ये दोन थ्रेड, म्हणजे एकाच वेळी चालणारी दोन कामं, एकच आकडा प्रत्येक वेळी एकने वाढवत नेतात. दोघांनी एकदमच हात घातला की मधल्या काही वाढी हरवतात आणि बेरीज कमी भरते. ती कमी भरलेली बघायची, मग कुलूप लावून, म्हणजे एका वेळी एकालाच हात घालू देऊन, नीट करायची. बाकी सगळ्यांची बेरीज चुकत होती. या दोघींची दर वेळी बरोबर येत होती.

"मॅडम, आमचं चुकतच नाय," दुसरीने न राहवून विचारलंच. "पाच हजार न् पाच हजार, धा हजारच येतात. असं कसं?"

मला माहीत नव्हतं.

"इट्स नॉन-डिटरमिनिस्टिक," मी म्हणाले. "इट डिपेंड्स ऑन द शेड्यूलर."

वाक्य खोटं नव्हतं: कुठलं काम कधी चालवायचं ते सिस्टीम ठरवते, म्हणून उत्तर दर वेळी तेच येईल असं नाही. उच्चारही छान होते. शाळेत या उच्चारांसाठीच मला वर्गापुढे उभं करायचे. वर मी म्हणाले, "शेजारच्यांचं आउटपुट जर्नलमध्ये लिहा."

म्हणजे स्वतःचं बरोबर उत्तर सोडून दुसऱ्याचं चुकीचं उतरवा.

"मी बोललेली ना तुला?" पहिली पुटपुटली. ती हसली असती तर मला सोपं गेलं असतं.

वीज इथे जवळच, भिवपुरीच्या वीजकेंद्रात बनते आणि आमच्या लॅबमधून जाते, हा पोरांचा नेहमीचा विनोद. आत्ता जावी, असं मला मनापासून वाटलं. गेली नाही. पंखे फिरत राहिले, माझे कान तापत राहिले. विचारणाऱ्या मुलीने पेन उघडलं आणि ती मान लांब करून शेजारच्या स्क्रीनवरचा आकडा वाचायला लागली. पुढच्या वेळी ती विचारणार नव्हती.

मी स्टूल ओढून तिच्याजवळ बसले. मराठीत सुरुवात करायला मला जरा वेळ लागला.

"थांब, ते लिहू नकोस. तुमचं का चुकत नाही, ते मला माहीत नाही. पाच हजाराच्या जागी पाच लाख घाल बरं, एकाचं संपायच्या आत दुसरं सुरू होतंय का बघूया."