गाडी कोण चालवत होतं

त्या वर्षी मी हिंजवडीत बसून अमेरिकेतल्या बेशिस्त ड्रायव्हरांचं भवितव्य ठरवत होतो. तिकडच्या एका कार इन्शुरन्स कंपनीचं काम आमच्याकडे होतं. लायसन्स निलंबित असताना गाडी चालवली आणि कोर्टात गुन्हा शाबीत झाला, तर त्या माणसाचा हप्ता किती वाढवायचा, की त्याला दारातूनच परत पाठवायचं, हे ठरवणारा प्रोग्रॅम मी लिहिला होता. कोर्टातली नोंद आपोआप कंपनीकडे यायची आणि माझा प्रोग्रॅम त्या माणसाला बरोबर पकडायचा. चाचणीसाठी आम्ही खोटे ड्रायव्हर तयार करायचो आणि जेवणाच्या सुट्टीत त्यांच्यावर हसायचो. लायसन्स नाही तर बसने जावं, एवढंही कळत नाही या लोकांना, असं मी म्हणाल्याचं मला चांगलं आठवतं. लोका सांगे ब्रह्मज्ञान, आपण कोरडे पाषाण.

कारण त्याच सुमारास माझं लायसन्स तीन महिन्यांसाठी निलंबित झालं. कोथरूडच्या सिग्नलपाशी गाडी चालवताना फोनवर बोलत होतो, पकडला गेलो. आरटीओत कार्ड जमा केलं, पावती पाकिटात घातली आणि दुसऱ्या दिवशी सकाळी नेहमीसारखी गाडी काढून ऑफिसला गेलो. बस होती. पण वारज्याहून हिंजवडीला जायचं तर बस बदलावी लागायची, आणि बसमध्ये लोंबकळायला मी इंजिनिअर झालो नाही, असं मला मनापासून वाटायचं. कोण बघतंय, असं ऑफिसातले सगळेच म्हणाले. खरंच कुणी बघत नव्हतं.

बाबा तेव्हा पोस्टातून निवृत्त होऊन आमच्या सोसायटीचे सचिव झाले होते. कुणाला कसल्याही कागदावर साक्षीदाराची सही हवी असली की लोक त्यांच्याकडे यायचे. बाबा आधी चष्मा लावून कागद पहिल्या ओळीपासून शेवटच्या ओळीपर्यंत वाचायचे आणि मगच सही करायचे. लोक कंटाळायचे, पण यायचे त्यांच्याकडेच. निवृत्तीनंतर हौसेने ते ड्रायव्हिंग स्कूलमध्ये जाऊन गाडी शिकले, लायसन्सही काढलं. गाडी मात्र त्यांनी सोसायटीच्या फाटकाबाहेर कधी नेली नाही.

एका सकाळी मी त्यांना डोळ्यांच्या डॉक्टरांकडे घेऊन निघालो होतो. सर्व्हिस रोडवर फोन वाजला. तो दोन सीटांच्या फटीत पडला होता. मी तो काढायला वाकलो आणि गाडी दुभाजकावर चढली. कुणाला लागलं नाही, पण गाडीचं पुढचं तोंड पार आत गेलं. "वाजू द्यायचा होतास," एवढंच बाबा म्हणाले. वाहतूक पोलीस आला, त्याने लायसन्स मागितलं. मी पावती दाखवली. त्याने ती दोनदा वाचली.

"शिकलेले दिसता," तो म्हणाला, आणि खटला लिहायला घेतला.

आमच्या गाडीच्या इन्शुरन्सचा एजंट आमच्याच इमारतीत तळमजल्यावर राहायचा. निलंबित लायसन्सवर चालवलेल्या गाडीची भरपाई मिळत नाही, हे त्याने मला समजावून सांगितलं. जसं काही मला ते माहीत नव्हतं. आणि त्याच दमात त्याने उपायही सांगितला.

"काका शेजारी होते ना? काकांचं लायसन्स चालू आहे ना? मग काकाच चालवत होते असं लिहू. सगळे असंच करतात हो."

"आणि पोलिसांनी माझं नाव लिहिलंय त्याचं?"

"पोलिसांचं पोलिसांकडे, आपलं आपल्याकडे. कोण कुणाचे कागद बघतंय इथं?"

एका ऑफिसचा कागद दुसऱ्या ऑफिसात पोचवण्याचाच पगार मी घेत होतो. तरी मला त्याचं म्हणणं पटलं.

बाबांनी फॉर्म चष्मा लावून वाचला आणि 'अपघाताच्या वेळी वाहन कोण चालवत होते' या ओळीवर बोट ठेवलं. "हे खरं नाही," ते म्हणाले. मी म्हणालो, नुसता फॉर्म आहे बाबा. ते बोट उचलेनात. मग मी ऑफिसातल्या ताणाचं रडगाणं गायलं, आणि तेही पुरेना तेव्हा म्हणालो, "तुम्हालाच डॉक्टरकडे नेत होतो ना?" हे वाक्य मी शेवटासाठी राखून ठेवलं होतं. बाबांनी सही केली. चौकशी झालीच तर काय सांगायचं तेही मी त्यांच्याकडून घोटून घेतलं. कुत्रा आडवा आला, ब्रेक लागला नाही, गाडी दुभाजकावर गेली.

पुढे काही आठवड्यांनी मला कोर्टाचं समन्स आलं. वकील म्हणाला, गुन्हा कबूल केलात तर दंड भरून तासाभरात मोकळे व्हाल, भांडायचं असेल तर तारखा घेत बसा. त्या दुपारी अमेरिकेच्या कामाची महत्त्वाची बैठक होती, आणि रजा शिल्लक नव्हती. मी न्यायाधीशांसमोर मान खाली घालून म्हणालो, हो, गाडी मीच चालवत होतो. दंड भरला. बैठकीला वेळेवर पोचलो. कोर्टात मी काय बोललो हे बाबांना किंवा एजंटला सांगावं, हे माझ्या डोक्यातही आलं नाही. माझ्या लेखी ते एक वेगळं काम होतं आणि ते उरकलं होतं.

मग एका रविवारी सकाळी इन्शुरन्स कंपनीचा तपासनीस घरी आला. अदबशीर, पन्नाशीचा माणूस. चहा घेतला, वही उघडली आणि अपघात कसा झाला ते बाबांना विचारलं. बाबांनी मी शिकवलं होतं ते सगळं ओळीने सांगितलं. कुत्रा कसा होता, असं त्याने विचारलं. हे मी शिकवलं नव्हतं.

"तांबडा होता," बाबा म्हणाले. "कान पडलेले."

त्याने तेही लिहून घेतलं. "काका, शेवटचं विचारतो. गाडी आपणच चालवत होता?"

"हो."

त्याने फाइलमधून कोर्टाच्या निकालाची नक्कल काढून टीपॉयवर ठेवली. बाबांनी सवयीने चष्मा लावला आणि ती पहिल्या ओळीपासून वाचली. माझ्या कबुलीपाशी पोचायला त्यांना वेळ लागला. 

"या वयात असं करू नये काका," तपासनीस म्हणाला. आवाज चढवला नाही, आणि चहा अर्धा टाकून गेला.

बाबांनी मला एकच प्रश्न विचारला. "कोर्टात खरं का बोललास?"

"ऑफिसला उशीर होत होता," मी म्हणालो. दुसरं खरं उत्तर माझ्याकडे नव्हतं.

भरपाई अर्थातच नाकारली गेली. माझं मात्र काही बिघडलं नाही. तीन महिने संपले, लायसन्स परत मिळालं, पुढच्या वर्षीचा इन्शुरन्सही निघाला. कधी शिक्षा झाली आहे का, असं त्या फॉर्मवर कुणी विचारलंच नव्हतं. माझ्या प्रोग्रॅमने मला दारातून हाकललं असतं.

सोसायटीच्या वार्षिक सभेत बाबा उठून उभे राहिले आणि सचिवपद सोडतो म्हणाले. लोकांनी कारण विचारलं. "मी एका कागदावर खोटी सही केली आहे," ते म्हणाले. "यापुढे आपल्या कागदांवर माझी सही नको." कुठला कागद ते त्यांनी सांगितलं नाही, माझं नाव घेतलं नाही. एजंट पंख्याकडे बघत बसला. आणि मी? मला लाज वाटली असं लिहायला बरं दिसलं असतं. मला राग आला. चारचौघांत बोलायची काय गरज होती, हे मी त्यांना घरी येऊन ऐकवलंसुद्धा.

त्यानंतर चार दिवसांनी लिफ्टमध्ये चौथ्या मजल्यावरच्या काकू भेटल्या. बाबा दुधाची पिशवी घेऊन माझ्या मागे उभे होते. काकूंनी आवाज खाली आणून मला विचारलं, "ते खोट्या सहीचं काय हो?"

"काही नाही हो काकू," मी म्हणालो. "वय झालंय त्यांचं. काहीबाही बोलतात हल्ली."

काकूंनी वळून बाबांकडे पाहिलं. त्यांनी नुसतं सभेतलं वाक्य पुन्हा म्हटलं असतं तरी मी उघडा पडलो असतो.

"हो ना," बाबा म्हणाले. "लक्षात राहत नाही काही."

सगळं त्यांच्या लक्षात होतं. ते माझ्यासाठी दुसऱ्यांदा खोटं बोलले, आणि या वेळी मी मागितलंही नव्हतं.