सहाव्या गाण्यातला टाळ

आई गेली तेव्हा वाटणीवरून काही बोलायची वेळ आली नाही. तिनं आधीच सांगून ठेवलं होतं: शिलाई मशीन मला, भजनांची सीडी धाकटीला. सीडीत दहा गाणी. सगळी आईची, फक्त सहाव्यात तिच्याबरोबर माझी धाकटी बहीण गायली आहे. मी दहाही गाण्यांत टाळ वाजवलाय, पण तो कुणी हिशेबात धरला नाही.

धाकटी हुपरीला दिलेली. सासरी घरातच चांदीच्या पैंजणांचा कारखाना. यंदा सीडी अडकायला लागली तेव्हा तिनं ती पैंजणासारखी पॉलिश लावून गोल गोल घासली आणि बस पकडून माझ्याकडे कोल्हापूरला आली.

"अक्का, चकाचक केलीया बघ. तरी सहावं गाणं अडकतंयच. तुझ्या कंप्युटरवर घे की."

"वाट लावलीस की गं! सीडी गोल पुसायची नसती. आतनं बाहेर, सरळ पुसायची."

"मला काय म्हाईत? हुशार तू."

लहानपणापासून हेच. ती गळ्याची, मी हुशार. माहेरी, मुरगूडला, पाहुणे आले की तिला गायला बसवायचे आणि मला चहा टाकायला पाठवायचे.

ती गेल्यावर मी कामाला लागले. आताच्या लॅपटॉपला सीडीचा खण नसतो, म्हणून ऑफिसातला बाहेरून जोडायचा ड्राइव्ह आणला होता. सीडी साबणाच्या पाण्यानं धुतली, मऊ सुती कापडानं मधून कडेकडे पुसली, वाळवली. नऊ गाणी सरळ उतरली. घरगुती सीडी, त्यामुळे कंप्युटरला गाण्यांची नावं सापडेनात; ती मी टाइप केली. गायकाच्या रकान्यात नऊ वेळा 'आई' लिहिलं. सहाव्याला 'आई'पुढं धाकटीचंही नाव घालावं लागलं. टाळाला रकाना नव्हता.

सहावं उतरलं, पण सगळीकडे टिकटिक. 'तेवढं येत नाही, सीडी तू घासलीस' असा मेसेज मी लिहूनही ठेवला. पाठवणार तोच तिचा फोन.

"अक्का, सहाव्याचं बघ हं. आईचा आवाज त्यात सगळ्यात ब्येस लागलाय."

खरं होतं, म्हणूनच झोंबलं. आई माझ्याबरोबर कधी तशी गायली नाही. मेसेज पुसला.

टिकटिक काढायची सोय प्रोग्रॅममध्ये असते. ती लावली. गाणं स्वच्छ झालं. हेडफोन घालून पुन्हा ऐकलं तर टाळही गेलेला. कंप्युटरला ओरखडा आणि टाळ सारखेच वाटले असावेत; दोन्ही अचानक वाजणारे. आई आणि धाकटी, मध्ये कुणी नाही. आणि गाणं त्यानं जराही बिघडलं नव्हतं, याचाच जास्त राग आला.

ते पुसून टाकलं. ड्राइव्हचा वेग सगळ्यात कमी केला, वाचताना चूक आली तर तीच जागा पुन्हा वाचायचा पर्याय चालू केला आणि परत सुरुवात केली. एका गाण्याला अर्धा तास लागला. टाळ आला. दोन खटके तेवढे राहिले, तेही टाळाला चिकटून. हातानं काढता आले असते. मी हात लावला नाही. गाणी पाठवून दिली.

दुसऱ्या दिवशी दुपारी फोन.

"लई भारी झालंय अक्का! पर सहाव्यात अजून खटखट वाजतंय की."

"दोनच जागी खटका हाय. बाकीचा टाळ हाय तो."

"टाळ? कोण वाजवत हुतं गं?"

"मी!"

"व्हय? तू हुतीस त्यात?"

मी फोन ठेवला. लॅपटॉप उघडला. दहाही गाण्यांना गायकाच्या रकान्यात, आईच्या नावाला लागून, 'टाळ' असं लिहून पुढं माझं नाव घातलं. मग दहाच्या दहा तिला पुन्हा पाठवली.