डाव्या हाताची आयरिश धून

माझ्या उजव्या हाताची दोन बोटं चाकणच्या एका कंपनीत गेली. अंगठ्याजवळचं आणि मधलं, दोन्ही दुसऱ्या पेरापासून. मी पॉवर प्रेसवर होते. पत्र्याचा तुकडा साच्यात अडकला म्हणून काढायला हात घातला आणि वरचा भाग खाली आला. ते मशीन पायानं चालायचं; पेडल दाबलं की ठोका पडायचा. त्या वेळी माझा पाय जमिनीवर होता. हे मी पहिल्या दिवसापासून सांगत होते.

चौथ्या दिवशी सुपरवायझर दवाखान्यात कागद घेऊन आले. "ताई, फॉर्मॅलिटी आहे फक्त. चुकून पेडलवर पाय पडला, एवढंच लिहिलंय."

"माझा पाय पेडलवर नव्हता, सर."

"मग ठोका पडला कसा? मशीनला भूत लागलंय का?"

"ते मशीन उघडून बघा. सही करायला माझा डावा हात शिल्लक आहे, पण करणार नाही."

ते गेल्यावर नवरा म्हणाला, "करून टाकायचीस ना. कशाला वाकड्यात शिरायचं?" बीडकडून आम्ही दापोडीत आलो त्याला चौदा वर्षं झाली होती. तो टेंपो चालवतो. वाकड्यात शिरायचं नाही, या एका नियमावर त्यानं ती चौदा वर्षं काढली होती. माणूस वाईट नाही. पण त्या दिवशी मी त्याच्याकडे पाठ करून झोपले.

जखमा भरल्यावर हाताच्या व्यायामासाठी चिंचवडला जावं लागायचं. मऊ गोळा दाबायचा, टेबलावरचे मणी उचलायचे, दोरीत ओवायचे. तिथल्या मॅडम मोबाइलवर हळू आवाजात संगीत लावून ठेवायच्या. एके दिवशी नुसता पियानो लागला. वरचा सूर सरळ जागेवर येऊन बसत नव्हता. शेजारच्या सुराला हलकेच शिवायचा आणि मग यायचा. खाली मात्र दोनच सूर धरून ठेवलेले. ते मला लगेच ओळखीचे वाटले. आमच्या गावच्या भजनात तंबोरा तेच दोन सूर धरायचा, सा आणि प.

"हे कुठलं, मॅडम?"

"आयर्लंडकडचं. तिकडे हे व्हायोलिनवर, बासरीवर वाजवायचे. आता नवीन लोक त्याच ढंगानं पियानोवर रचतात. आवडलं?"

"मला हे शिकायचंय."

मॅडम हसल्या. मग माझ्या तोंडाकडे बघून थांबल्या आणि त्यांनी एक पत्ता लिहून दिला.

पत्ता चिंचवड स्टेशनजवळच्या एका फ्लॅटचा होता. शाळेत संगीत शिकवून निवृत्त झालेल्या एक बाई तिथं राहायच्या. हॉलमध्ये जुना, काळा पियानो होता आणि त्याच्यावर इस्त्रीचे कपडे ठेवलेले होते. बाईंनी माझा हात स्वतःच्या हातात घेतला, उलटासुलटा करून पाहिला.

"तुम्ही हार्मोनियम का नाही शिकत? वाजवायला एकच हात लागतो. डाव्यानं वाजवा, उजव्यानं भाता मारा."

"मला हेच शिकायचंय."

"अहो, या संगीतात त्या बारीक लकेरींतच तर सगळं असतं. आणि त्या याच दोन बोटांनी घेतात. ते नाही होणार."

"बाई, कंपनीनं मला आठ बोटांवर परत कामावर घेतलंय, पॅकिंगला. तिथं कुणी म्हणालं नाही, नाही होणार म्हणून."

बाई पियानोवरचे कपडे उचलत म्हणाल्या, "रविवारी साडेनऊला या. उशीर मला चालत नाही."

पहिल्या दोन महिन्यांत डावा हात तयार झाला. तो झटकन शिकला. मग एका रविवारी बाई म्हणाल्या, "आता पाय. खाली पेडल आहे, ते दाबा म्हणजे सूर लांबत राहील. त्याशिवाय हे संगीत कोरडं लागतं."

मी खाली पाहिलं. पितळेचं पेडल होतं, पावलाएवढं. मी पाय ठेवला मात्र, आणि दोन्ही हात आपोआप पट्ट्यांवरून उडून माझ्या पोटाशी आले. बाईंनी विचारलं, काय झालं. मी सगळं सांगितलं, अगदी कुणालाच न सांगितलेलंसुद्धा: सगळे एकच गोष्ट सांगत राहिल्यामुळे आता मलाही कधी कधी वाटायचं, पडला असेल का माझा पाय?

बाई उठल्या आणि खुर्ची ओढून शेजारी बसल्या. "हात मांडीवर ठेवा. नुसता पाय चालवा. दाबा, सोडा."

मी दाबलं, सोडलं. तासभर तेवढंच केलं. ते पेडल चांगलं जड होतं. दाबताना पोटरीला कळायचं, टाचेला कळायचं. मला त्या दिवसाचं माझं पाऊल आठवलं, चपलेत, जमिनीवर, सपाट. नाही दाबलं मी. हे मी बाईंना मोठ्यानं सांगितलं. त्या म्हणाल्या, "मग आता हात वर घ्या."

पुढे दोनेक महिन्यांनी त्याच प्रेसवर दुसऱ्या एका बाईचा हात थोडक्यात वाचला. तिचाही पाय जमिनीवर होता. तेव्हा कुठे मशीन उघडलं आणि आतला क्लच झिजलेला निघाला; त्यामुळे पेडल न दाबताही ठोका पडायचा. मला हे कुणी साहेबानं येऊन सांगितलं नाही, पॅकिंगमधल्या बायकांनी सांगितलं. मी तडक सुपरवायझरच्या टेबलापाशी गेले.

"माझ्या फायलीत लिहा, सर. पाय पेडलवर नव्हता, क्लच खराब होता."

"ताई, आता जुनं कशाला उकरायचं?"

"मी उभी आहे इथं. तुमचं लिहून होईपर्यंत."

शिफ्ट सुटली, बस लागली, बायका चढल्या. मी उभीच होते. शेवटी त्यांनी दोन ओळी लिहिल्या, शिक्का मारला. बस मात्र गेली. मी शेअर रिक्षानं भोसरीपर्यंत आले आणि तिथून नवऱ्याला बोलावलं. त्यानं कागद वाचला, परत वाचला आणि टेंपोच्या सनशेडला खोचून ठेवला.

उजव्या हाताच्या लकेरी मात्र खरंच जमेनात. करंगळी आणि तिच्या शेजारचं बोट एकमेकांना चिकटून चालायची. वर्षभर झगडले. मग चिडून एक दिवस मी धूनच डाव्या हाताला दिली आणि उजव्याच्या अंगठ्यानं आणि करंगळीनं सा-प धरून ठेवले. बाई स्वयंपाकघरातून बाहेर आल्या.

"हे उलटं आहे."

"हो."

"पुन्हा वाजवा बघू."

बाई दरवर्षी आपल्या विद्यार्थ्यांचा कार्यक्रम सोसायटीच्या हॉलमध्ये करायच्या. त्या वर्षी त्यांनी माझं नाव घातलं. घरी नवरा म्हणाला, "हाताला एखादा चांगला रुमाल गुंडाळ. लोक बघत बसतील." मी नाही म्हणाले. हॉलवर पोचले तर सोसायटीचे सेक्रेटरी माइक घेऊन तयार होते. "ताई, तुमची सगळी हकीकत मी आधी सांगतो. अपघात, बोटं, जिद्द. लोक उभे राहून टाळ्या वाजवतील बघा."

"माझी बोटं सांगायची नाहीत. धून आयरिश ढंगाची आहे, एवढं सांगा."

"अहो, पण त्याशिवाय लोकांना कळणार कसं?"

"वाजवल्यावर कळेल. नाहीतर ही मी निघाले."

एकानं हात झाकायला सांगितला होता, दुसऱ्याला तो मिरवायचा होता. माझा हात आहे, तो जसा आहे तसा पट्ट्यांवर जाईल. सेक्रेटरींनी तोंड वाकडं करून तेवढंच सांगितलं.

संथ भाग नीट गेला. मग तीन-तीन मात्रांचा नाचाचा भाग आला आणि मधेच माझा डावा हात वाट चुकला. पुढच्या रांगेत कुणीतरी हळहळलं. ती हळहळ ऐकून मला असा राग आला की मी ओळ पहिल्यापासून धरली आणि आधीपेक्षा जलद वाजवली. बाईंनी नंतर सांगितलं की फार जलद झालं, शोभलं नाही. टाळ्या पडल्या, इतरांना पडल्या तेवढ्याच. कुणी उभं राहिलं नाही. मला बरं वाटलं.

चहाच्या टेबलापाशी नवरा दोन अनोळखी माणसांना समजावून सांगत होता, "डावा हात धून वाजवतो, उजवा नुसतं धरून ठेवतो. सोपं नाही, राव."

आता मी माझी स्वतःची एक धून बांधतेय. तिच्यात आमच्याकडच्या ओव्यांचं वळण शिरलंय. बाई म्हणतात, हे काही आयरिश राहिलं नाही. नसू दे, म्हणते मी, आणि पुढची ओळ वाजवते.