नाशिकच्या पाठराखिणी

"पुण्याची मुलगी आलीय. पहिली फेरी सुटली म्हण आपली."

गंगापूर रोडवरच्या एका मंगल कार्यालयाच्या दारात मी चपला काढत होते आणि आत खांबाआड उभं राहून कुणीतरी मित्राला हे सांगत होतं. मी ऐकलंच नाही असं दाखवून चपला नीट जोडून ठेवल्या. असं दाखवणं मला छान जमतं.

पहाटे शिवाजीनगरहून निमआराम बस पकडली होती. पावसाळा सरत आला होता. नारायणगावच्या पुढचे डोंगर हिरवेगार, चंदनापुरीच्या घाटात ढग रस्त्यावर उतरलेले. सिन्नर सोडल्यावर मात्र ऊन पडलं आणि खिडकीतून येणारा वारा हलका झाला. मांडीवर पिशवी, पिशवीत स्टीलचा डबा आणि डब्यात माझी पत्त्यांची गड्डी.

हे पत्ते रमीचे नव्हेत. दोन हजार सालानंतरच्या त्या वर्षांत पुस्तकांच्या दुकानांत चमकदार पाकिटं मिळायची. आत चित्रविचित्र प्राण्यांचे पत्ते. ते जमवायचे, अदलाबदल करायचे, स्वतःची गड्डी बांधायची आणि समोरच्याच्या गड्डीशी लढवायची. दोघांना शंभर गुण; ज्याचे संपले तो हरला. मला हा खेळ आवडायचं एक कारण म्हणजे त्यात पत्त्याचं नाव सोडून काहीच बोलावं लागत नाही.

पण पुण्यातल्या स्पर्धांत मी कधी पहिल्या फेरीपुढे गेले नव्हते. हरले की पत्ते गोळा करायचे आणि कुणाकडे न बघता घरी जायचं. दिवाळीनंतर नोकरी सुरू होणार होती. या वेळीही तेच झालं तर गड्डी मामेभावाला देऊन विषय संपवायचा, असं ठरवून मी निघाले होते. नाशिक निवडलं, कारण तिथं मला ओळखणारं कुणी नव्हतं.

पितृपक्षात लग्नं नसतात, म्हणून कार्यालय रिकामं होतं. जेवणाच्या पंगतीची लांब टेबलं मांडून त्यावर पांढरा कागद अंथरला होता. कार्यालयाच्या मालकांचा मुलगा निखिलदादा सगळं बघत होता. त्याने मला एका खुर्चीकडे नेलं. समोर बसलेल्या मुलाने तोंड उघडलं आणि मी आवाज ओळखला. खांबाआडचाच.

"नमस्कार मॅडम. मी हेमंत. मखमलाबादचा."

आम्ही गड्ड्या पिसल्या आणि खेळ सुरू झाला. माझी पंचाईत वेगळीच झाली. हेमंत गुण तोंडी सांगायचा. "माझे एकोणसत्तर राहिले." इंग्रजी शाळेत शिकलेल्या मला एकोणसत्तर म्हणजे एकोणसाठच्या अलीकडचे की पलीकडचे, हे पटकन कळेना. मी नुसती बघत राहिले. तो हसला, पण टेबलावरच्या कागदावर आकडा लिहून माझ्याकडे फिरवला. नंतर शेवटपर्यंत तो लिहीतच राहिला. मला वाटलं होतं तेवढा वाईट नव्हता.

आणि मी जिंकले. स्पर्धेतला माझा पहिला सामना.

मी पत्ते डब्यात भरेपर्यंत हेमंतने आपली खुर्ची उचलली आणि थेट माझ्या पाठीमागे आणून ठेवली. मी दचकले. मागे कुणी बसलेलं मला आवडत नाही.

"घाबरू नका," निखिलदादा म्हणाला. "आमच्याकडची पद्धत आहे. हरलेल्याने घरी जायचं नाही. जिंकणाऱ्याची पाठराखीण (लग्नानंतर नवरीसोबत सासरी जाणारी) व्हायचं. पाणी द्यायचं, धीर द्यायचा. पत्ता मात्र सुचवायचा नाही. पूर्वी पोरं हरली की तोंड पाडून निघून जायची, ती पुढच्या खेपेला यायचीच नाहीत. खेळायला माणसंच उरेनात."

"मुलगेसुद्धा पाठराखीणच?" मी विचारलं.

"आता काय," मागून हेमंत म्हणाला, "नवरी जोरदार निघाली ना!"

दुसऱ्या फेरीत मी ज्याला हरवलं, तो त्याच्या पाठराखिणीसकट माझ्या मागे येऊन बसला. माझ्यामागे अर्धी रांग झाली. मानेवर त्यांच्या नजरा जाणवत होत्या, तरी मी वळून बघितलं नाही.

दुपारच्या सुट्टीत हेमंत म्हणाला, "चला, गंगेवर जाऊन येऊ. नवरीला जेवू घालायचं काम पाठराखिणीचं." (गोदावरीला इथं गंगाच म्हणतात.) दोन स्कूटरवर आम्ही चौघं पंचवटीत गेलो. मिसळीबरोबर भाजलेला पापड आणि दही आलं. रस्सा एवढा झणझणीत की मला बोलायची गरज उरली नाही आणि कुणाला त्यात काही वावगंही वाटलं नाही. रामकुंडावर श्राद्धाची गर्दी होती. वाटेतल्या फुलबाजारात झेंडूच्या ढिगामागे हेमंतची आई बसली होती.

"हरला का रे?" तिने लेकाचं तोंड बघूनच विचारलं.

"ह्या ताईंनी हरवलं."

"बरं झालं. घरी लय बडबड करतो." तिने माझ्या हातात ओंजळभर झेंडू ठेवला. "बाई, तुम्ही येत जा अधूनमधून."

मॅडमची ताई कधी झाले, ते माझ्या लक्षात आलं नव्हतं.

उपान्त्य फेरीत समोर सटाण्याचे देवरेसर आले. पन्नाशीचे, खिशाला पेन, शाळेत इतिहास शिकवणारे. "वर्गात पोरांचे पत्ते जप्त करायचो," ते सांगू लागले. "खण भरला. मधल्या सुट्टीत एकेक वाचायला लागलो. आता पोरंच विचारतात, सर, हा ठेवू का तो ठेवू? हां, चाल बेटा, तुनी बारी शे." (तुझी पाळी आहे.)

मी चांगली खेळले. एक वेळ अशी आली की आणखी एक हल्ला लागू पडला असता तर सामना माझा होता. सरांनी तो परतवला आणि दोन डावांत मला संपवलं. पूर्वी हरताना माझे कान तापायचे. या वेळीही तापले. पत्ते डब्यात गेले, हात पिशवीकडे गेला.

"तुम्ही लांबून आलात," निखिलदादा म्हणाला. "बस असेल तर नाही थांबलात तरी चालेल."

पाचची बस होतीच. पण हेमंत आणि बाकीचे आपापल्या खुर्च्या उचलून सरांच्या मागे निघालेही होते. एकाने माझ्यासाठी जागा सोडली होती. मी माझी खुर्ची उचलली.

अंतिम सामना नाशिकरोडच्या एका कॉलेजच्या मुलाशी होता. शांत, झपाट्याने खेळणारा. सरांचे गुण उतरत नवावर आले. मी त्यांना पाण्याचा पेला दिला. समोरच्या मुलाचे चाळीसच्या वर शिल्लक होते. सर खुर्चीत मागे रेलले.

"पोरगा झकास खेळतोय," ते म्हणाले. "बस झालं या वयात." आणि त्यांनी हाताचा पंजा गड्डीकडे नेला. गड्डीवर पंजा ठेवणं म्हणजे हार मानणं.

सर त्या दिवशी जिंकले नाहीत, हे आधीच सांगून टाकते. त्यांनी पुढे तीन डाव झुंज दिली आणि सगळं कार्यालय उभं राहून बघत होतं. माझी पाचची बस गेली. पुढच्या बसने मी घरी पोचले, तेव्हा आई दारातच उभी होती. मामेभावाला गड्डी मिळाली नाही. नोकरी लागल्यावरही मी खेळत राहिले, हरत राहिले आणि दर वर्षी पितृपक्षात नाशिकला जात राहिले. स्पर्धेतला पहिला विजय मला तिथं मिळाला. पण परतीच्या बसमध्ये सिन्नरचे दिवे मागे पडेपर्यंत मी स्वतःशी हसत होते, ते त्या विजयामुळे नव्हे.

सरांचा पंजा गड्डीवर टेकणार होता. मागच्या रांगेत कुणी हललं नाही. सुचवायचं नाही हा नियम, आणि पत्त्याबद्दल सुचवण्यासारखं माझ्याकडे काही नव्हतंही. आज दिवसभरात मी मागे वळून कुणाशी आपणहून एक शब्द बोलले नव्हते. मी खुर्चीवरून उठले. भरल्या कार्यालयात माझा आवाज मलाच मोठा वाटला.

"सर, हात काढा. आपण अजून हरलेलो नाही."