रुदैनाची शिष्यवृत्ती आणि अबू शाहेरची कॉफी

आमच्या करक गावात अजूनही कुजबुज चालते की फव्वाज टँकरवाल्याच्या रुदैनाला शिष्यवृत्ती मिळाली ती कॉफीवर. तिच्या चुलत्याने म्हणे चाळीस माणसं प्राध्यापकाच्या दिवाणखान्यात नेऊन बसवली, कुणी कपाला तोंड लावेना, आणि शेवटी प्राध्यापक वैतागून म्हणाला, ‘घ्या ती शिष्यवृत्ती, पण उठा एकदाचे!’ माझं औषधांचं दुकान बाजाराच्या तोंडाशी आहे, त्यामुळे ही गोष्ट मी इतक्यांदा ऐकली आहे की आता ऐकताना गोळ्या मोजायला चुकतो. दर वेळी माणसं वाढतात. परवा एका बाईने चाळिसाची सत्तर केली. मी म्हटलं, “बाई, त्या दिवाणखान्यात सत्तर माणसं बसवायला भिंत पाडावी लागेल.” तर म्हणते, “तुम्हाला काय माहीत?”

मला काय माहीत! मी त्या चाळिसांतला एक. पाठीत उशी नाही, गुडघे शेजाऱ्याच्या गुडघ्यांत अडकलेले, असा बसलो होतो.

पण आधी मुलगी सांगतो.

रुदैना लहानपणापासून बापाच्या टँकरमध्ये पुढच्या सीटवर बसून वाढली. फव्वाज गरीब माणूस, अगदी अबोल. त्याच्या वाट्याचं सगळं बोलणं या पोरीने उचललं. ती प्रश्न विचारायची. प्रश्न विचारणारी मुलं पुष्कळ असतात, पण ती उत्तर ऐकून गप्प बसतात. ही उत्तरालाच पुढचा प्रश्न लावायची. विद्यापीठात तिने समाजशास्त्र घेतलं तेव्हा आम्ही सगळे म्हणालो, चला, आता सरकारमान्य भोचकपणा.

शेवटच्या वर्षी तिने अभ्यासाला विषय कोणता घ्यावा? टँकर आधी कुणाच्या दारात जातो. आमच्याकडे उन्हाळ्यात नळाला पाणी आठवड्यातून एकदा येतं, तेही मनात आलं तर. बाकी सगळा कारभार टँकरवर. ही बया घरोघर फिरली, मोबाइलवर लोकांची बोलणी टिपून घेतली. माझ्या दुकानात तिने माझा एवढा वेळ खाल्ला की खोकल्याचं औषध न्यायला आलेला माणूस खोकून खोकून बरा होऊन गेला. आणि मग ती आपल्या थोरल्या काकाकडे गेली.

हा थोरला काका म्हणजे अबू शाहेर. फौजेतून सुभेदार म्हणून निवृत्त. मिशा अजून नोकरीत. या माणसाने आयुष्यात स्वतःसाठी कधी काही मागितलं नाही. दुसऱ्यांसाठी मात्र मागायला तो सदा तयार. कुणाचं लग्न जुळवायचं असो, भांडण मिटवायचं असो, कुणाच्या पोराने गाडीखाली कुणाची बकरी घेतलेली असो, अबू शाहेर सोनेरी काठाचा झगा चढवून जाहा घेऊन निघालाच. म्हणजे गावातली वजनदार माणसं गोळा करायची, समोरच्याच्या घरी जायचं, तो कॉफी देईल ती तशीच पुढ्यात ठेवायची आणि मागणं घालायचं. तो ‘दिलं’ म्हणाला की मग कप उचलायचा. आणि दारी आलेल्याला कॉफी न पिता परत जाऊ दिलं, हा डाग आमच्याकडे नातवंडांपर्यंत पुरतो.

तर रुदैनाने त्याला विचारलं, “काका, तुमची टाकी अर्धी भरलेली असताना बाबा टँकर आधी तुमच्याकडेच का आणतात?”

“मी त्याचा थोरला भाऊ आहे म्हणून.”

“आणि कोपऱ्यावरच्या म्हातारीकडे शेवटी?”

“ती कधी फोन करत नाही.”

“तिच्याकडे फोन नाही, काका.”

“मग?” अबू शाहेरने विचारलं. खरोखर विचारलं हो! त्याला त्यात अडचण काय हे कळेना.

या अभ्यासावर पोरगी विद्यापीठात पहिली आली. राजधानीतल्या एका न्यासाची शिष्यवृत्ती आहे. दक्षिणेकडच्या जिल्ह्यांतून समाजशास्त्र शिकलेल्या एकाच विद्यार्थ्याला दर वर्षी देतात. अम्मानला दोन वर्षं पुढचं शिक्षण, राहणं, जेवणखाण, सगळं. पदवीनंतर दोनदाच अर्ज करता येतो. फव्वाजच्या टँकरवर अम्मानची फी निघणं शक्य नव्हतं. मिळाली तर अम्मान, नाहीतर नगरपालिका. कारण अबू शाहेरने तिथल्या साहेबाशी बोलून तिच्यासाठी एक खुर्ची आधीच धरून ठेवली होती. रुदैनाने ती खुर्ची जाऊन पाहिली होती. शेजारच्या खुर्चीवरची बाई दिवसभर भोपळ्याच्या बिया सोलते, एवढंच तिने मला सांगितलं, पण ते सांगताना तिचा चेहरा बघायला हवा होता.

मुलाखतीला तिघांना बोलावलं. मुलाखत देऊन रुदैना घरी आली ती फणफणत. जेवणावर घरचे सगळे, त्यात अबू शाहेर.

“त्या प्राध्यापक डॉक्टर वजदींनी मला नुसतं सोलून काढलं. म्हणे, तू ज्यांना विचारलंस ती तुझ्या बापाच्या टँकरची गिऱ्हाइकं, ती तुला खरं का सांगतील? तासभर तेच!”

“वजदी?” अबू शाहेरचा घास थांबला. “आपल्या गावातला? खालच्या उतारावर राहतो तो?”

“तेच समितीचे अध्यक्ष आहेत.”

“अगं मग आधी नाही का सांगायचं!”

“काका,” ती लगेच सावध झाली, “हे गुणांवर असतं. तुम्ही यात पडू नका.”

“नाही गं बाई, मी कशाला पडतो?”

असं तो म्हणाला, तेव्हाच तिने त्याच्या घराला बाहेरून कुलूप घालायला हवं होतं. कारण त्याला कुठूनतरी कळलं होतं की तिघांतली एक मुलगी शेजारच्या तफीला जिल्ह्यातली, आणि तिचा मामा मंत्रालयात. झालं. अबू शाहेर माझ्या दुकानात रक्तदाबाची गोळी घ्यायला आला, तो ती काउंटरवरच विसरला आणि मला आवतण देऊन गेला. “शुक्रवारी, दुपारच्या नमाजानंतर. दाढी करून ये.”

मी म्हटलं, “अबू शाहेर, परीक्षेच्या निकालासाठी जाहा? लोक हसतील.”

“गुण सगळ्यांकडेच असतात,” तो म्हणाला, “माणसं कुणाच्या पाठीशी आहेत ते बघतात.”

आता तुम्ही म्हणाल, मी गेलो कशाला? अहो, जाहा निघाली आणि तुम्ही घरी बसलात, तर उद्या तुमच्या पोराच्या लग्नाला दारात कुत्रं तरी येईल का?

शुक्रवारी दहा-बारा गाड्या उतारावर लागल्या. डॉक्टर वजदी पायजम्यावर, पायात रबरी चपला, हातात विद्यार्थ्यांचे पेपर. दारात चाळीस झगे बघून त्यांना वाटलं कुणीतरी गेलं. त्यांची बायको उम्म सिनान खिडकीतून डोकावली आणि गडप झाली. ती थेट कॉफीच्या भांड्याकडे. तोवर समोरच्या गच्चीतल्या बायकांनी जाहा बघितली आणि मागणीच आली असं धरून आनंदाने जीभ हलवून जो गलका केला, तो किल्ल्यापर्यंत गेला असेल. कोपऱ्यावरच्या मिठाईवाल्याने न सांगताच कुनाफ्याची परात पाठवली. कुणीतरी म्हणालं, “पण वजदींना मुलगीच नाही.” दुसरा म्हणाला, “मग भाची असेल.” आमच्या गावाला माहितीची अडचण कधी पडत नाही.

आम्ही दाटीवाटीने बसलो. कॉफी आली. अबू शाहेरने कप घेतला, पुढ्यातल्या तिवईवर ठेवला, देवाचं नाव घेतलं, वजदींच्या पणजोबांच्या दिलदारीचं वर्णन केलं आणि म्हणाला, “डॉक्टरसाहेब, आमची मुलगी रुदैना. आम्ही तिची शिष्यवृत्ती मागायला आलोय.”

वजदींच्या तोंडचं पाणीच पळालं. माणूस आमच्यातलाच, तो कप काय आहे हे त्यांना कुणी शिकवायला नको.

“अबू शाहेर, कॉफी घ्या. थंड होतेय.”

“घेतो की. तुम्ही एक शब्द बोला.”

“अहो, हे माझ्या एकट्याच्या हातात नाही. समितीत तिघं आहेत.”

“बाकीच्या दोघांची घरं सांगा,” अबू शाहेर म्हणाला. “तिकडेही जातो.”

मागे कुणीतरी खोकल्याचं निमित्त करून हसलं. वजदी घामाघूम. हो म्हणावं तर पोरीचे सगळे गुण वशिल्याच्या खात्यात गेले. नाही म्हणावं तर चाळीस माणसं न पिता उठली. ते कधी कपाकडे बघत, कधी दाराकडे. आणि आमच्या अबू शाहेरच्या चेहऱ्यावर तर इतकं प्रेम होतं हो, इतकी कळकळ, की त्याच्या थोबाडीत मारावीशी वाटली.

फव्वाज अगदी मागे चपलांपाशी बसला होता. त्याने मोबाइल कानाला लावून हळूच म्हटलेलं मी ऐकलं, “बाळा, मी सांगितलं त्यांना, कुणी ऐकत नाही माझं. तूच ये.”

ती आली ती टँकर घेऊन. घरी तेवढंच वाहन उभं होतं. गाड्यांमुळे टँकर गल्लीच्या तोंडाशीच अडकला आणि बाहेर वेगळीच धांदल उडाली. गच्च्यांवरून बायका ओरडायला लागल्या.

“अगं रुदैना, आमची टाकी कोरडी आहे गं!”

“आधी आमच्याकडे, आम्ही काल सांगितलंय!”

“रिकामा आहे!” तिचा आवाज ऐकू आला. “आणि सांगितलंय तर रांगेत उभ्या राहा!”

मग ती आत आली. जाहाच्या बैठकीत बाई येत नाही; कधीच नाही. चाळीस माणसांनी एकदम पाय जवळ घेतले. ती माझ्या अंगावरून, अजून दोघांच्या अंगावरून वाट काढत तिवईपाशी पोचली.

“मोठे काका, तुम्ही काय मागितलंत?”

“पोरी, तू बाहेर जा. पुरुषांचं बोलणं चाललंय.”

“माझंच चाललंय ना? डॉक्टर, यांनी माझी शिष्यवृत्ती मागितली?”

वजदींनी मान हलवली.

“आता तुम्ही दिलीत तरी ती यांची होणार. नाही दिलीत तरी तुम्ही यांचे गुन्हेगार.” तिचा आवाज कापत होता, पण रडका नव्हता, चिडून चिडून तो त्या जागी पोचला होता. “मी माझा अर्ज मागे घेते. या सगळ्यांसमोर सांगते. आता मागायला काही उरलं नाही.”

“वेडी आहेस का तू?” अबू शाहेर उठायला गेला, पण झगा शेजाऱ्याच्या बुडाखाली. “अगं, तुझ्यासाठीच आलोय आम्ही!”

“माहितेय मला, काका. म्हणून तर इतका राग येतोय. दुसऱ्या कुणी केलं असतं तर भांडून मोकळी झाले असते.”

आणि तिने त्याचा कप उचलला आणि एका घोटात पिऊन टाकला. थंडगार, कडू. तोंड वाकडं करून उपडा ठेवला.

मागणं घालणाऱ्याचा कप ज्याच्यासाठी मागितलं त्यानेच प्यायला, असं आजवर झालंच नव्हतं. त्याचा अर्थ कसा लावायचा हे सांगणारा म्हातारा त्या खोलीत नव्हता. शेवटी उम्म सिनान पडद्याआडून ओरडली, “प्यायली ना? मग आता बाकीच्यांनीही प्या, माझे कप मोकळे करा!” आम्ही मुकाट्याने प्यायलो. कुनाफाही खाल्ला. गार झाला होता.

पुढचं वर्ष रुदैनाने कसं काढलं ते मी पाहिलं आहे. सकाळी बालवाडीत शिकवायचं, दुपारी बापाबरोबर टँकरवर. नगरपालिकेच्या खुर्चीला तिने नाही म्हटलं तेव्हा अबू शाहेर दोन महिने तिच्याशी बोलला नाही, आणि बोलला तेव्हा म्हणाला, “या वर्षी कुणाकडे जायचं ते फक्त सांग.” ती उठून बाहेर गेली. मला वाटतं ती भिंतीवर डोकं आपटायला गेली असावी.

मग एका सकाळी ती दुकानात आली.

“मी अम्मानला मुलाखतीला चालले, काका. दाढ दुखतेय.”

मी गोळी काढली.

“गोळी नको. कुणी विचारलं तर दाढ दुखत होती एवढंच सांगा.”

मी पदरचा सुजलेला गालही जोडला. अबू शाहेरने मला तीनतीनदा विचारलं आणि मी तीनतीनदा तिचा गाल वाढवत नेला. तो बिचारा लवंगा घेऊन तिच्या घरी गेला होता. वजदींनी तिचा नवा अर्ज आल्याचं कळताच समितीतून आपलं नाव काढून घेतलं होतं; त्यांच्या जागी उत्तरेकडच्या एक बाई आल्या, त्यांना करक नकाशावरही शोधावं लागलं असेल.

ती गेली अम्मानला, शिकली, आता तिथेच शिकवते. सुट्टीत येते तेव्हा बाजारातून जाताना कुणीतरी हाक मारतंच, “काय गं, तुझ्या काकाची कॉफी फळाला आली म्हणायची!” पहिली काही वर्षं ती थांबून समजावून सांगायची. आता नुसती जोरात चालू लागते.

आणि ही कुजबुज सुरू कुणी केली म्हणता? शेजाऱ्यांनी नाही, तफीलाच्या लोकांनी नाही. खुद्द अबू शाहेरने. प्रत्येक लग्नात, प्रत्येक मयतीत तो सांगतो, “आम्ही गेलो म्हणून काम झालं. वर्षभर उशिरा झालं, पण मोठ्या कामाला वेळ लागतोच.” खोटं बोलतो असंही नाही. त्याला खरंच तसं वाटतं.

ज्या वर्षी आम्ही चाळीस जण गेलो, त्या वर्षी शिष्यवृत्ती तफीलाच्या मुलीला मिळाली. रुदैनाला मिळाली ती पुढच्या वर्षी. तेव्हा तिच्यासाठी कुणीही कुणाकडे गेलं नव्हतं.