बिनमिठाच्या बाटल्या

बाबांचं हृदय अशक्त झालं, पायांवर सूज चढली आणि डॉक्टरांनी मीठ बंद केलं. बाबांनी त्याच दिवशी जेवण बंद केलं. "त्यापेक्षा मातीच खाऊ घाल ना मले," म्हणायचे आणि ताट सरकवायचे. पाहता पाहता सदरा अंगावर लोंबायला लागला. मला भेव वाटलं. सूज राहिली बाजूला, उपासच यांना नेणार.

म्हणून मी कैऱ्या आणल्या. बिनमिठाचं लोणचं टिकत नाही हे मलाही कळतं, डोकं गहाण नाही ठेवलं. कैरी, मिरची, मोहरी, मेथी लिंबाच्या रसात उकळली, लहान बाटल्यांत गरमच भरली आणि झाकणं लावून बाटल्या पुन्हा पाणी भरलेल्या मोठ्या गंजात उकळल्या. मारेगावच्या उन्हाळ्यात, चुलीपुढं.

पहिली बाटली बाबांनी चाखून बाजूला ठेवली. पुढची मात्र भाकरी मागून मागून संपवली. "आता जमलं तुले!" मी गल्लीत ताठ मानेनं हिंडले. मग पाय पुन्हा सुजले, आडवं पडलं की धाप लागायची. डॉक्टर म्हणाले, घरात मीठ कोण देतं? मी त्यांच्याशीच भांडले.

घरी येऊन बाटली चाखली. खारट!

बाबांची थोरली बहीण, माझी आत्या, पहिल्या बाटलीनंतर ढाणकीहून राहायला आली होती. तिला विचारलं.

"मीच टाकलं," ती म्हणाली. "लोणच्यावर मिठाचा थर नको? मले वाटलं तू भुलली. बापापुढं तुहं हसं कायले करू, म्हून बोलली नाही."

"अवो, मीठ बंद आहे त्यांचं!"

"ते भाजीतलं ना? लोणच्यातलं कुठं?"

बाबांना चव कळली नसेल? चांगली कळली होती. मुकाट्यानं खात होते.

माझा असा संताप झाला की सगळ्या बाटल्या उकिरड्यावर ओतल्या. "मीच मारून राह्यली होती भावाले," म्हणत आत्या पदरात तोंड घालून रडली. मी समजूत घातली नाही.

नव्या बाटल्या भरल्या. बाबांनी पुन्हा ताट सरकवलं. तेव्हा आत्या आपलं ताट घेऊन त्यांच्याशेजारी बसली. मीठ वाढू दिलं नाही. त्यांच्याच बाटलीतलं लोणचं घेतलं, तोंड वाकडं केलं आणि गिळलं.

"बेचव आहे ना, बाई?" बाबांनी विचारलं.

"लय," ती म्हणाली आणि आणखी एक फोड घेतली.

 बाबांनी बाटली आपल्याकडं ओढली.

"तूच संपवतं काय समदं?"